खालचीने हूं म्हणायचं

गेल्या मे महिन्यात आमच्या ऑफिसातल्या दोघींना एकाएकी पाण्याखाली जायची घाई झाली. त्याआधी त्यांना डोंगर चढायची घाई होती, आणि त्याच्याही आधी घरी पाव भाजायची. मी तिन्ही वेळा सोबत होते, कारण मला नाही म्हणता येत नाही.

दोघींपैकी एक आमची म्होरकी. ती व्हॉट्सॲपवर ग्रुप काढते, त्याच्या नावापुढे तीन लाटा चिकटवते, आणि कोणी उत्तर दिलं नाही की फोन करून ‘तू येतेयस ना?’ असं अशा आवाजात विचारते, की नाही म्हणणारी आपोआप दुष्ट ठरते. दुसरी सॅनिटायझरवाली. ती लिफ्टचं बटण कोपराने दाबते आणि हात मिळवायची वेळ आली की नमस्कार करते. तिसरी मी. मी कल्याणला राहते, ऑफिसात कल्याणचीच म्हणून ओळखली जाते, आणि ती ओळख मी अकरा वर्षं जिवापाड सांभाळली होती.

कोणी मूळ गाव विचारलं की मी ‘शहापूर साइडला’ म्हणायची. ‘साइडला’ हा शब्द फार कामाचा आहे. त्यात तालुक्याचं गाव मावतं, हायवेवरचे बंगले मावतात आणि डोंगराखालचा वीस घरांचा पाडाही मावतो. ऐकणारी तिच्या सोयीने बंगला धरायची आणि मी तिला धरू द्यायची.

पुढे मालवणला जाऊन समुद्रात उतरायचं, पण त्याआधी एका शनिवार-रविवारी पूलमध्ये स्कूबा डायव्हिंग शिकून घ्यायचं, असा म्होरकीचा बेत होता. रिसॉर्ट ‘मुरबाड रोडला’ आहे, एवढंच तिने सांगितलं. मुरबाड रोड चांगला लांबलचक आहे, म्हणून मी निश्चिंत होते. पण गाडी मुरबाड मागे टाकून सरळगावला आली आणि किन्हवलीच्या रस्त्याला वळली, तेव्हा माझी निश्चिंती संपली. हा रस्ता मला खड्ड्यांसकट पाठ होता. याच रस्त्याने एसटीत उभी राहून मी कॉलेजला गेले होते.

“किती अनटच्ड आहे ना सगळं,” म्होरकी म्हणाली.

दोन्ही बाजूंना शेतांत काळे चौकोन दिसत होते. सॅनिटायझरवालीने काच वर केली. “कोणीतरी आग लावलीय बघ. काय लोक असतात!” तो राब होता. भाताची रोपं टाकायच्या आधी पालापाचोळा आणि शेण पसरून तेवढी जमीन भाजून घेतात. मी स्वतः भाजलाय, भुवया करपेपर्यंत. पण मी मान हलवून “हो ना,” म्हटलं.

रिसॉर्ट माझ्या माहेरच्या पाड्यापासून चालत अर्ध्या तासावर निघालं. कमानीवर गावाकडे येण्याचं आमंत्रण होतं. सिमेंटच्या भिंतींना शेणाच्या रंगाचा डिस्टेंपर फासला होता आणि दारातल्या बैलगाडीची चाकं कोणी पळवू नयेत म्हणून काँक्रीटमध्ये पक्की केली होती. मधोमध निळाशार पूल. एका टोकाला छातीइतका, दुसऱ्या टोकाला पंधरा फूट. आम्हाला शिकवायला आलेल्या सरांनी तो एखाद्या देवळासारखा दाखवला. “नुसता भरायला तीन दिवस टँकर येत होते,” ते म्हणाले. म्होरकीने कौतुकाने ‘वॉव’ केलं.

पूलच्या बाजूला एक शेड होती. तिच्यावर पाटी होती: ‘लाइव्ह चूल’. चुलीपुढे हिरवी नऊवारी, नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू अशी एक बाई नाचणीची भाकरी थापत होती. ती माझी वहिनी होती.

माझी वहिनी घरात गाऊनवर ओढणी घेऊन वावरते. नथ तिने लग्नात घातली होती, तीही उसनी. दिवाळीपासून ती ‘कुठल्याशा रिसॉर्टवर’ भाकऱ्या करायला जाते, हे भावाने फोनवर सांगितलं होतं. कुठल्या, ते मी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला त्यात काही विचारण्यासारखं वाटलं नव्हतं.

“मावशी, जरा इकडे बघा ना! स्माइल!” म्होरकीने फोन रोखला. वहिनी तिच्याहून चार वर्षांनी तरी लहान असेल.

वहिनीने वर पाहिलं आणि फोनच्या मागे तिला मी दिसले. तिचा चेहरा खुलला. ‘बाय’, नणंदेला मारायची ती आमच्याकडची हाक, तिच्या ओठांवर आलेली मी या डोळ्यांनी पाहिली. आणि मी काय केलं? डोक्यावरचा काळा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि नाश्त्याचा मेनू वाचायला घेतला. त्यात पोहे आणि मिसळ एवढे दोनच पदार्थ होते. मी ते खूप वेळ वाचले.

तिने तोंड मिटलं, भाकरी उलटली आणि विचारलं, “तुमाला काय देऊ, मॅडम?”

मी पोहे सांगितले.

मग सरांनी आम्हाला वर्गात बसवलं. सर तिशीचे, उन्हाने रापलेले आणि पाण्याबद्दल बोलताना आवाज खाली आणणारे. पाणी आपली आई आहे, त्याच्या कुशीत शिरायचं, असं त्यांनी सांगितलं. मग सामान दाखवलं. पाठीवर हवेची टाकी, अंगात फुगवता येणारं जाकीट, तोंडात धरायचा रेग्युलेटर. अंगठा वर केला तर ‘मस्त’ असं समजू नका, त्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा होतो; सगळं ठीक असेल तर अंगठा आणि बोट जोडून गोल करून दाखवा. आणि सगळ्यांत मोठा नियम एकच: काहीही झालं तरी श्वास रोखायचा नाही. हवा सतत आत आणि सतत बाहेर.

“याआधी कोणी खोल उतरलंय? काही अनुभव?”

म्होरकीने गोव्यात कधीतरी नाकात पाणी गेल्याचं सांगितलं. सॅनिटायझरवाली बाथटबपर्यंत गेली होती. मी ‘काही नाही’ म्हटलं. तीस फूट, हे खरं उत्तर होतं.

आमच्या पाड्याच्या विहिरीचं पाणी एप्रिल सरता सरता तळाला जातं. मग पोहरा टाकून भागत नाही, नुसता दगडावर आपटतो. तेव्हा एकीने खाली उतरायचं, तळाला जिथे पाणी झिरपतं तिथे बसायचं आणि वाटीने ते पोहऱ्यात भरायचं. वर दुसरी दोर धरून उभी. उतरणारीच्या कमरेला एक वेगळा दोर बांधलेला असतो. खाली अंधार असतो, कधी हवा कोंदलेली असते, कधी माथ्यावरून दगड सुटतो. म्हणून आमच्याकडे रीत आहे. खालचीने प्रत्येक वाटीला ‘हूं’ म्हणायचं आणि वरचीने उलट ‘हूं’ द्यायचा. खालचीचा आवाज थांबला, तर वरचीने काही न विचारता दोर ओढायचा.

मी कॉलेजात होते तेव्हा अंगाने काडी होते, म्हणून उतरायचं काम माझं. आणि वर दोर धरायला नुकती लग्न होऊन आलेली वहिनी. हातावरची मेंदी उतरली नव्हती, तेव्हा तिने तो दोर धरला. पहिल्या दिवशी मी घाबरून रडत होते तर वरून ओरडली, “रडतेस तर रड गो बाय, पन मधी मधी हूं म्हन.” चार उन्हाळे मी तिच्या भरवशावर त्या तळाला बसले. वर असताना तिने एकदाही हूं चुकवला नाही. मग मला कल्याणला नोकरी लागली आणि दोराचं दुसरं टोक माझ्यापुरतं सुटलं.

वर्गात हे सगळं मला आठवलं आणि मी ते वर्गातच ठेवलं.

पूलमध्ये उतरायच्या आधी मास्कच्या काचेला आतून थुंकी लावायची असते, म्हणजे वाफ धरत नाही. हे ऐकून सॅनिटायझरवालीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. जन्मभर स्वतःच्या सावलीवर फवारा मारणारी बाई, तिला भर उन्हात, दोन वेटरांसमोर थुंकायचं होतं. तिने आधी पर्समधलं ओलं टिश्यू काढलं. सर नाही म्हणाले. शेवटी तिने डोळे मिटून, अंगारा लावावा तशी दोन थेंब थुंकी लावली. मी इतकी हसले की माझ्या तोंडातून रेग्युलेटर पडला.

पहिला धडा उथळ भागात होता. गुडघ्यांवर बसायचं, डोकं पाण्याखाली न्यायचं आणि फक्त श्वास घ्यायचा. म्होरकी खाली गेली आणि तिने लगेच श्वास रोखला. गाल फुगवून, डोळे वटारून ती तशीच बसली आणि मग उसळून वर आली. तीन वेळा असंच. “मी शांत आहे! मी एकदम शांत आहे!” असं ती एवढ्या मोठ्याने ओरडत होती की कमानीवरचा वॉचमन बघायला आला. सॅनिटायझरवालीला सगळं मस्त वाटत होतं म्हणून तिने अंगठा वर केला, सरांनी तिला वर आणलं. तिने पुन्हा अंगठा वर केला, त्यांनी पुन्हा वर आणलं. असं पाच वेळा झाल्यावर तिने सरांना विचारलं की तुम्ही मला खाली राहूच का देत नाही.

मग माझी पाळी आली. गुडघ्यांवर बसले, पाणी डोक्यावरून गेलं, कानांत तो बंद, जड आवाज भरला आणि माझं शरीर पंधरा वर्षं मागे गेलं. सरांनी बोटांचा गोल करून ‘ठीक?’ असं विचारलं. मी गोल केला नाही. मी “हूं” म्हटलं. नळीतून बुडबुड्यांचा लोट वर गेला. सर दचकले. त्यांनी पुन्हा गोल केला, मी पुन्हा “हूं”. मला माझंच हसू येत होतं आणि थांबता येत नव्हतं. प्रत्येक श्वासाला एक हूं. आणि हूं म्हणायचं तर हवा बाहेर सोडावीच लागते, त्यामुळे त्या मोठ्या नियमाची मला आठवणही ठेवावी लागली नाही. पाण्याखाली मी आरामात बसले होते. त्या दिवसातला तेवढाच वेळ मी कोणाशी खोटं बोलत नव्हते.

सरांनी वर यायची खूण केली. डोकं पाण्याबाहेर आलं, कान मोकळे झाले आणि मला ऐकू आलं, “हूं.”

वहिनी काठावर उभी होती. हातात ताकाच्या ग्लासांचा ट्रे. उथळ पाणी, वर फुटणारे बुडबुडे, त्यातून माझा आवाज तिच्यापर्यंत पोचला होता, आणि ती तिथे उभी राहून रीत पाळत होती. माझ्या प्रत्येक हूंला तिचा हूं.

म्होरकी काठावर पाय सोडून बसली होती. ती खो खो हसत सुटली. “अगं, ही मावशी बघ! केव्हाची एकटीच हूं हूं करतेय! मावशी, कोणाला हूं म्हणताय?”

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. घाई नव्हती तिला. तोंडातलं नळकांडं काढून मला उत्तर देता येईल इतका वेळ ती थांबली. ‘मला म्हणतेय, माझी वहिनी आहे,’ एवढंच तर म्हणायचं होतं. मी नळकांडं काढलं, मास्क काढला, नाक पुसलं आणि म्हटलं, “ताक आहे का?”

“कोनाला नाय, मॅडम,” वहिनी म्होरकीला म्हणाली. “सवय हाय, दुसरा काय?” आणि तिने मला ताकाचा ग्लास दिला.

सरांनी माझ्या श्वासाचं फार कौतुक केलं. इतका नैसर्गिक श्वास त्यांनी पहिल्यांदा उतरणाऱ्या कोणात पाहिला नव्हता. त्यांनी विचारलं, योगा करता का? मी हो म्हटलं. एकदा सुरू झालं की खोटं बोलायलाही फार श्वास लागत नाही.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. स्वतःची इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती, आणि तरी मी संध्याकाळी त्या दोघींबरोबर बैलगाडीत बसून फोटो काढले. रविवारी सकाळी मी ठरवलं की आज सांगायचं. मनात वाक्यं जुळवली. त्यात माझा मोठेपणाही थोडा दिसेल अशी सोय केली. दुपारी परीक्षा झाली, पंधरा फुटांवर जाऊन आम्ही तिघींनी तळाच्या टाइल्सना हात लावला, सर्टिफिकेटं मिळाली, आणि जेवायला बसलो. वहिनी भाकऱ्या वाढायला आली. मी उठून उभी राहिले. उभं राहायची काही गरज नव्हती.

“तुम्हा दोघींना एक सांगायचंय. ही माझी वहिनी आहे. सख्ख्या भावाची बायको.”

वहिनीने टोपली टेबलावर ठेवली, पदर सारखा केला आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“मॅडम, तुमची काय तरी गलती झाली,” ती म्हणाली. “आमची बाय असती तर काल आली तवाच वळखली असती. तुमी कल्यानच्या ना?”

आणि पुढच्या टेबलावर गेली.

मग म्होरकीने माझा हात धरला. तिचे डोळे भरून आले होते. “किती गोड आहेस गं तू! कामवाल्या बाईला सख्खी वहिनी म्हणतेस! आम्हाला नाही बाई जमत असं.” सॅनिटायझरवालीलाही गहिवरून आलं, तिने मला चक्क हात न पुसता मिठी मारली. मी सांगत राहिले की अगं खरंच, खरंच ती माझी वहिनी आहे. जितकं सांगितलं तितकी मी त्यांना जास्त थोर वाटत गेले. ऑफिसात आजही ही गोष्ट माझ्या चांगुलपणाचा दाखला म्हणून सांगितली जाते, आणि ग्रुपवर त्याखाली हात जोडलेले येतात.

पुढच्या रविवारी मी कोणाला न सांगता माहेरी गेले. घरी कोणी नव्हतं. शेजारणीने सांगितलं, वहिनी विहिरीवर आहे. टँकरचा अर्ज गेला होता, टँकर यायचा होता. विहिरीवर पाच-सहा बाया हंडे घेऊन बसल्या होत्या आणि वहिनी खाली उतरलेली होती. दोर धरलेल्या म्हातारीचे हात थरथरत होते. मी चप्पल काढली आणि दोन्ही दोर तिच्याकडून घेतले.

खाली वाकून पाहिलं. अंधारात तिची पाठ दिसत होती. “हूं,” मी म्हटलं.

खालून वाटी दगडावर खरवडल्याचा आवाज आला. दुसरा आवाज नाही.

“हूं,” मी पुन्हा म्हटलं. पुन्हा नुसती वाटी. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच. ती धडधाकट होती हे मला कळत होतं. ती नुसतीच बोलत नव्हती. काठावरच्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या, कारण रीत त्यांनाही ठाऊक होती. आवाज आला नाही तर काही न विचारता ओढायचं. मी तिच्या कमरेचा दोर ओढला.

“ओ! वढता कशाला?” ती खालून खेकसली.

“हूं म्हण ना मग.”

“कोनाला म्हनू? वर कोन हाय?”

विहिरीतून तो प्रश्न घुमत वर आला. बाया कान देऊन ऐकत होत्या. अकरा वर्षांत मी ज्या बोलीला तोंडाजवळ फिरकू दिलं नव्हतं, तिच्यात मी ओरडले, “मी हाय गो वहिनी! तुजी नणंद हाय! या पाड्याची हाय! आनी माजा चुकला!”

एक वाटी तशीच गेली. मी दोर धरून, श्वास रोखून उभी होते.

दुसऱ्या वाटीला खालून आवाज आला.

“हूं, मॅडम.”

मी उलट हूं म्हटलं आणि पोहरा वर ओढायला घेतला.